छत्तीस पेरांचा अभ्यासक्रम

राजमतीबाई मगदूम रागावल्या की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि मग बोलतात. पेववाडीच्या शाळेतल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे त्या सोमवारी पहिल्याच तासाला, भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून आलेला निरोप वाचता वाचता बाईंनी चष्मा काढला, तेव्हा आठवीचा अख्खा वर्ग चिडीचूप झाला.

निरोप लांबलचक नव्हता. पेववाडी, इयत्ता आठवी, विज्ञान: सलग तीन महिने उमज चाळीस टक्क्यांच्या खाली. सबब, एक जानेवारीपासून या वर्गाला 'सुलभ आराखडा' लागू. प्रयोगशाळेचे तास बंद. रसायनाची चारही प्रकरणं बंद. त्याऐवजी 'दैनंदिन स्वच्छता' आणि 'गोदामातील शिस्त' हे दोन विषय, थेट दहावीपर्यंत.

"स्वच्छता!" बाई कडाडल्या. "म्हणजे काय, आमची पोरं आंघोळ न करता येतात की काय शाळेला?"

एरवी यावर हशा पिकला असता. आज कुणी हसलं नाही. तिसऱ्या बाकावरच्या शाहीन मुजावरनं तर मान वरच केली नाही. सुलभ आराखड्यातून दहावी झालेल्या पोराला सायन्सचं दार बंद, हे पोरांनाही माहीत होतं. आणि शाहीनला सायन्सलाच जायचं होतं. हळद साठवायच्या पेवात कंदील का विझतो, हे तिनं पाचवीत विचारलं होतं. त्याचं नीट उत्तर आठवीच्या रसायनात मिळेल, असं बाईंनी तेव्हा तिला वचन दिलं होतं.

ज्यांना हे सगळं नवीन आहे, त्यांना उमजपट्टीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. एखादी गोष्ट आपल्याला कळते, म्हणजे नुसती कानावर पडते तेव्हा नव्हे, 'अरेच्चा, हे असं आहे होय!' असं आतून होतं तेव्हा, उजव्या कानाच्या वर मेंदूत एक बारीकशी विद्युत लहर उठते. पाव सेकंदात उठते नि विरते. ही लहर पकडणारी पट्टी निघाली. दिसायला पोरींच्या हेअरबँडसारखीच. शिक्षकानं प्रश्न टाकला की बारा सेकंदांची एक खिडकी उघडायची. तेवढ्यात लहर आली तर त्या पोराच्या नावापुढे हिरवा ठिपका, नाही आली तर लाल, आणि पडदा आपोआप पुढच्या, सोप्या पाठाकडे सरकायचा. राज्यभरातले हे ठिपके रोज पुण्याच्या अभ्यासक्रम केंद्रात जायचे. तिथे 'आखणी' नावाचं यंत्र ते वाचायचं आणि प्रत्येक शाळेला दर महिन्याला तिचा स्वतःचा अभ्यासक्रम बेतून द्यायचं. साऱ्या राज्याला एकच पुस्तक, ते सगळ्यांच्या गळी उतरलंच पाहिजे, हा जुना प्रकार त्यामुळे संपला होता.

आणि खरं सांगायचं तर बाई काही यंत्राच्या वैरी नव्हत्या. उलट, तालुक्यात उमजपट्टी पहिल्यांदा मागून घेणाऱ्या त्याच. सहावीतल्या पोरांना दशांश अपूर्णांक का जमत नाहीत, यावर त्यांनी दहा वर्षं डोकं फोडलं होतं. आखणीनं ते आठवड्यात शोधलं, आणि हळदीच्या वजनकाट्यावरून शिकवणारा धडा बेतून पाठवला. पोरं भराभर पुढे गेली. त्या दिवशी बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते. म्हणून तर आजचा निरोप त्यांच्या जास्तच वर्मी लागला.

मधल्या सुट्टीत त्यांनी पुण्याला फोन लावला. पुण्याला म्हणजे धाकट्या बहिणीला. आखणीचं सगळं काम जिच्या हाताखाली चालायचं, ती पद्मजा राजमतीबाईंची सख्खी बहीण. पेववाडीचीच, याच शाळेची.

"पद्मे, हे काय पाठवलंयस?"

"आक्का, मी नाही पाठवलं. आखणीनं पाठवलं." पद्मजाचा आवाज शांत होता, आणि बाईंना नेमका तोच शांतपणा सहन होईना. "मी कालच पाहिलं. मला काय बरं वाटलं असेल? पण तीन महिने, रोजचे आकडे आहेत. मुलांना झेपत नाहीये."

"झेपत नाही? तुला झेपलं होतं ना? तू काय वेगळ्या मातीची होतीस?"

"आक्का, माझी शाळा म्हणून मी नियम वाकवला, तर उद्या कोण विश्वास ठेवेल त्यावर?"

"वाकवू नकोस. फेरतपासणी मागते मी."

"नियम वाचलायस ना? फेरतपासणीत पुन्हा खाली आलात तर पाचवीपासूनचे सगळे वर्ग सुलभमध्ये जातात. तीन वर्षं. मग मलासुद्धा काही करता येणार नाही."

मुख्याध्यापक लाटकर सरांनी हे ऐकलं आणि ते बाईंच्या मागोमाग वर्गात आले. "बाई, हात जोडतो. एक वर्ग जातोय तो जाऊ द्या. सगळी शाळा कशाला पणाला लावताय?"

बाईंनी चष्मा घातला, पडद्यावरचं बटण शोधलं आणि दाबलं. फेरतपासणीची तारीख आली, वीस डिसेंबर. मधे अठरा दिवस होते.

लाटकर सर भित्रे खरे, पण हुशार. दुसऱ्या दिवशी तेच एक युक्ती घेऊन आले. "बाई, आपली पोरं ढ नाहीत हो, मंद आहेत. म्हणजे वेळ लावतात. पेववाडीकरांचं सगळीकडे हेच. बाजारात भाव विचारला तरी आपला माणूस खांबासारखा उभा. व्यापारी हसतात आपल्याला. पोरांना जरा पळवा. प्रश्न पडला की डोक्यात येईल ते पहिलं उत्तर धरायचं. थांबायचं नाही."

बाईंना ते पटलं. त्यांचं बालपण मिरजेला आत्याकडे गेलेलं, त्यामुळे गावाचा हा संथपणा त्यांच्या अंगात कधी मुरलाच नव्हता. सासरी नि माहेरी, दोन्हीकडे 'तापट' म्हणूनच त्या प्रसिद्ध. त्यांनी टेबलावर घंटी ठेवली. प्रश्न, टण्, उत्तर. प्रश्न, टण्, उत्तर. "थांबायचं नाही, शाहीन! जे सुचेल ते! विचार नंतर कर!"

आणि काय सांगावं, ठिपके हिरवे व्हायला लागले! पस्तीस टक्के, एकेचाळीस, सत्तेचाळीस. दहाव्या दिवशी बावन्न. लाटकर सरांनी स्वतःच्या पैशानं भडंग मागवलं. बाई भडंग खात खात वह्या तपासायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला. वह्यांत सगळा आनंदीआनंद होता. लोखंड पाण्यात विरघळतं. हवेला वजन नसतं. शाहीननं लिहिलं होतं, ज्योतीला जळायला धूर लागतो.

ठिपके हिरवे आणि उत्तरं चूक, हे कसं? बाईंना ते खटकलं. पण फेरतपासणीला उत्तरं कोण बघतं, तिथे तर ठिपकेच बघतात, असं मनाशी म्हणून त्यांनी वह्यांचा गठ्ठा कपाटात टाकला. डोळेझाक केली म्हणा ना, सरळ. पुढे हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

चौदाव्या दिवशी, सोमवारी, प्रार्थना संपता संपता हैदर मुजावर शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. शाहीनचा बाप. पेवातून हळद काढणाऱ्यांत गावातला सगळ्यात जुना गडी. तो उभा राहिला, काही बोलेना. बाईंनी "काय हैदरभाऊ?" असं विचारलं, तरी बोलेना. मग बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाई, पोरीला काय शिकवलं तुम्ही?"

आता पेव म्हणजे काय, ते सांगावं लागेल. जमिनीच्या पोटात खणलेलं वीस फुटी मडकंच ते. तोंड एवढंसं, पोट मोठं. त्यात शेकडो पोती हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. शीतगृहं आली, हवाबंद टाक्या आल्या, पण पेवातल्या हळदीचा रंग त्यात टिकेना, म्हणून पेववाडीची पेवं अजून चालू आहेत. मेख एकच. आत कोंडलेली हळद श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि जड, विषारी हवा तळाशी साठते. पेव उघडलं की दोन-तीन तास तसंच ठेवतात, तरी तळाचा भरवसा नाही. वायू मोजायची यंत्रंही लोकांकडे आहेत. पण यंत्र दाखवो काहीही, कंदील सोडल्याशिवाय पेववाडीत कुणी उतरत नाही. दोरीला बांधलेला कंदील तळाशी टेकवायचा आणि मोजायचं. हाताच्या चार बोटांची बारा पेरं. अंगठा एकेका पेरावर ठेवत एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा फेरा. छत्तीस पेरं होईस्तोवर ज्योत स्थिर राहिली तरच उतरायचं. आणि मोजायचं ते उतरणाऱ्यानं नाही. त्याला घाई असते. मोजायला काठावर दुसरं माणूस, ज्याच्यावर आपला जीव सोपवता येईल असं. हैदरची मोजणी शाहीन करायची, दहा वर्षांची होती तेव्हापासून.

"काल रविवारी पेव उघडलं," हैदर सांगत होता. "कंदील सोडला. पोरीनं एक फेरा मोजला आन् म्हनली, 'उतरा, अब्बा.' मी दोरीला लटकलो. दोन हात खाली गेलो आसंन. तवर ज्योत बारीक झाली, आन् गेली. वरच्या गड्यांनी वढून घेतलं म्हनून हितं हुबा हाय. घरी येऊन पोरगी रडतीया. मी इचारलं, तीन फेरं का न्हाई मोजलं? तर म्हनली, बाई म्हनत्यात थांबायचं न्हाई."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "हैदरभाऊ," त्या म्हणाल्या, "माझी चूक झाली. पोरीची काही चूक नाही. मी पाया पडते तुमच्या."

हैदर गडबडला. "आवं, पाया कशापायी? शाण्या मानसाकडून बी हुतंय. पर पोरांला थांबू द्या, बाई. थांबन्यात वाईट काय हाय?"

तो गेला. बाई वर्गात आल्या. टेबलावरची घंटी उचलून त्यांनी खिडकीबाहेर, थेट बागेत फेकली.

"गेले तेरा दिवस मी जे सांगितलं ते सगळं विसरा," त्या म्हणाल्या. "मी चुकले. आता एक प्रश्न टाकते. हवा तेवढा वेळ घ्या." मग त्यांनी पडदा पुढे सरकू नये म्हणून त्याची कळ धरून ठेवली आणि विचारलं, "बंद बरणीत मेणबत्ती विझते, तेव्हा बरणीतली सगळी हवा संपलेली असते का?"

वर्ग शांत झाला. बाई घड्याळाकडे बघत होत्या. बारा सेकंद झाले. पडद्यावर एकतीस लाल ठिपके उमटले. आजपर्यंत या क्षणी त्यांनी सुस्कारा टाकून पुढचा, सोपा पाठ घेतला होता. आज त्या नुसत्या पोरांकडे पाहत राहिल्या. आणि मग त्यांचं लक्ष गेलं शाहीनच्या उजव्या हाताकडे. बाकाखाली तिचा अंगठा बोटांवरून सरकत होता. एकेक पेर. शेजारच्या महावीरचाही. मागच्या बाकावरच्या गौरवचाही. एकतीस पोरं, एकतीस अंगठे. कुणी शिकवलेलं नव्हतं, कुणाला सांगायचंही भान नव्हतं. चालताना हात हलावेत तितक्या सहज ते चाललं होतं. छत्तिसाव्या पेरापाशी शाहीननं हात वर केला.

"नाही, बाई. सगळी संपली असती तर झाकण आत ओढलं गेलं असतं. ज्योतीला लागणारी हवा तेवढी कमी झालेली असते. बाकीची तिथेच असते."

बाईंनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. एक फेरा म्हणजे बारा पेरं, पेराला एक सेकंद. खिडकी बारा सेकंदांची. यंत्र पहिला फेरा संपताच पेवाचं तोंड लावून मोकळं होत होतं, आणि पोरं अजून दोन फेरे आतच असायची.

"गाढव आहे मी!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. यावर मात्र वर्ग खदखदून हसला.

वीस डिसेंबरला पद्मजा आली. बरोबर देवदत्त नावाचा एक तंत्रज्ञ, त्याच्या हातात पाटीएवढा पडदा. पद्मजाच्या केसांत आता पांढरं दिसायला लागलं होतं. शाळेच्या पायरीशी ती क्षणभर थबकली, मग बहिणीला वाकून नमस्कार केला आणि लगेच अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाली, "आक्का, वर्गात मी तुझी कुणी नाही हं."

"मी कुठं म्हणतेय आहेस म्हणून?"

फेरतपासणीचा नियम असा, की यंत्रात काही खोट नाही हे कळावं म्हणून तपासणाऱ्यानंही पट्टी लावायची. पद्मजानं लावली. देवदत्तच्या पडद्यावर बत्तीस रेघा धावू लागल्या. ठिपक्यांची नोंद बारा सेकंदांची, रेघा मात्र सलग दिसायच्या.

पहिला प्रश्न पद्मजानं विचारला. "काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगतोय. बर्फ वितळला तर पाणी सांडेल का?"

बारा सेकंद झाले. एकतीस लाल. दारापाशी उभ्या लाटकर सरांनी डोळे मिटून घेतले. पद्मजाचा चेहरा उतरला, तिला लपवता आलं नाही. "देवदत्त, पुढचा प्रश्न," ती हळूच म्हणाली.

"थांब," राजमतीबाई पुढे झाल्या. "पुढचा नको. आता तपासणारी म्हणून तुला मी एक प्रश्न विचारते. पोरांचे अंगठे बघ, पद्मे. काय करतायत ती?"

"आक्का, हे नियमात..."

"बघ म्हणते ना!"

पद्मजा बघू लागली. पाच सेकंद. दहा. बारा. "मॅडम," देवदत्त चाचरत म्हणाला, "तुमची खिडकी बंद झाली. तुमच्या नावापुढे लाल लागला. म्हणजे यंत्राच्या मते तुम्हाला काही कळलेलं नाही."

पद्मजाला ते ऐकूच गेलं नाही. ती शाहीनच्या हाताकडे टक लावून बघत होती. आणि राजमतीबाई पद्मजाच्या हाताकडे. कारण पद्मजाचा अंगठासुद्धा चालू झाला होता. करंगळीचं खालचं पेर, मधलं, वरचं. तीस वर्षं पुण्यात काढली, परदेशी जाऊन आली, पण हात विसरला नव्हता. लहानपणी वडील, म्हणजे तात्या, पेवात उतरायचे तेव्हा काठावर मोजायला बसायची ती पद्मजाच.

त्याच सुमारास देवदत्तच्या पडद्यावर पहिली रेघ उसळली. मग दुसरी. मग एकापाठोपाठ एक, पाच, अकरा, वीस. प्रत्येक उसळी चांगली उंच, ठसठशीत. सगळ्यात शेवटी, राजमतीबाईंच्या प्रश्नापासून बरोबर छत्तिसाव्या सेकंदाला, बत्तिसावी रेघ ताडकन वर गेली. ती पद्मजाची होती.

"आक्का," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "ही मोजतायत गं. तीन फेरे. आम्ही बारा सेकंदांत खिडकी बंद करतोय, आणि ही अजून मोजतायत."

देवदत्त शहाणा पोरगा होता. त्यानं शंका काढली, आणि ती रास्तच होती. "पण मॅडम, बारानंतरच्या लहरी आपण का टाकतो? शहरातल्या चाचण्यांत त्या उत्तराशी जुळत नव्हत्या. मुलाला डबा आठवला तरी लहर येते. ही लहर बर्फाचीच, कशावरून?"

"बरोबर विचारलंस बाळा," राजमतीबाई म्हणाल्या. "म्हणून उत्तरं लिहून घे. आत्ता. एकमेकांचं न बघता."

एकतीस कागद जमा झाले. अठ्ठावीस बरोबर. पाणी सांडणार नाही, आणि का सांडणार नाही, तेही लिहिलेलं. चुकलेल्या तिघांच्या रेघा देवदत्तनं काढून पाहिल्या. तिन्ही सपाट होत्या.

जिंकलो, असं लाटकर सरांना वाटलं असेल. पण बाई कपाटाकडे गेल्या आणि त्यांनी वह्यांचा तो गठ्ठा काढला. "बाई, नको," सर कुजबुजले. पट्टी फसवणं हा नोकरीवर गदा आणणारा गुन्हा होता, आणि बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. बाईंनी गठ्ठा बहिणीपुढे ठेवला.

"हेही बघ. पोरांना घाई करायला शिकवून मी ठिपके हिरवे करून घेतले. दहाव्या दिवशी बावन्न टक्के. आणि ही त्याच दिवसाची उत्तरं. कळल्यासारखं वाटलं तरी लहर येते, पद्मे. तुझ्या यंत्राला घाई कळते, खरं-खोटं कळत नाही. माझ्यावर काय करायची ती कारवाई कर. पण हे आकडे टाकू नकोस, तुला लागतील. ह्या घाईपायी एका पोरीचा बाप जाता जाता वाचलाय."

पद्मजानं एकेक वही उघडून पाहिली. शाहीनच्या वहीपाशी ती बराच वेळ थांबली. मग गठ्ठा उचलून तिनं छातीशी धरला. "कारवाई करावीच लागेल, आक्का. लेखी समज देईन," ती म्हणाली. "आणि आभाराचं पत्रही. दोन्ही एकाच पाकिटात."

पुढे पुण्यात काय काय झालं, ते पद्मजा रोज फोनवर सांगायची. साऱ्या राज्यातल्या पट्ट्यांत साठून राहिलेल्या जुन्या रेघा त्यांनी उकरून काढल्या आणि खिडकी मिनिटभर उघडी ठेवून पुन्हा वाचल्या. चारशे अकरा शाळा सापडल्या, जिथे लहर बारा सेकंदांनंतर येत होती आणि वहीतलं उत्तर बरोबर असायचं. कुठे वीस सेकंदांनी, कुठे पन्नास. एका गावात सगळी पोरं आधी शेजाऱ्याकडे एकदा बघून घ्यायची आणि मगच समजून घ्यायची. कारण प्रत्येक ठिकाणचं निराळं, आणि आखणीनं त्या साऱ्यांना एकाच मापानं मंद ठरवलं होतं. आता प्रत्येक वर्गाचा थांबा आधी त्या वर्गाकडूनच शिकून घ्यायचा आणि मग अभ्यासक्रम आखायचा, असं ठरलं. हिरव्या ठिपक्याला लेखी उत्तराची जोडही सक्तीची झाली. यंत्र तेच राहिलं, त्याला थांबायला तेवढं शिकवलं.

दोन जानेवारीला, पहिल्या तासाला, पडद्यावर निरोप आला. पद्मजा फोनवर होतीच, तिला पोरांचा आवाज ऐकायचा होता. बाईंनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं.

"पेववाडी, इयत्ता आठवी. विज्ञान: पूर्ण अभ्यासक्रम, प्रयोगशाळेसह. रसायनाची चारही प्रकरणं परत. याशिवाय एक नवं प्रकरण, 'पेव आणि कंदील', राज्यातल्या सर्व शाळांसाठी. लेखन: इयत्ता आठवी, पेववाडी." बाईंनी वर पाहिलं. "कळलं का रे, काय आलंय ते?"

वर्गात शुकशुकाट. कुणी हूं की चूं केलं नाही.

"आक्का," फोनमधून पद्मजाचा काळजीचा आवाज आला, "पोरांना आनंद नाही का झाला?"

"गप गं," बाई म्हणाल्या. "दुसरा फेरा चालू आहे."

आणि छत्तिसाव्या पेराला वर्ग जो फुटला, तो फुटलाच. बाकं वाजली, दप्तरं उडाली, महावीर बाकावर चढून नाचला. लाटकर सर धावत आले आणि काय झालं ते न विचारताच टाळ्या वाजवायला लागले. हैदरला तो कल्ला तीन शेतं पलीकडे, पेवाच्या काठावर ऐकू आला म्हणे. शाहीन तेवढी जागेवर बसून होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. क्षणात सगळा वर्ग चिडीचूप.

"बाई," शाहीननं भीत भीत विचारलं, "रागावलात?"

"नाही गं राणी." बाईंनी पदरानं डोळे टिपले, चष्मा पुन्हा चढवला आणि खडू उचलला. "चला, वह्या काढा. रसायन, प्रकरण पहिलं. पाचवीत मला एका मुलीनं विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे. सांगा बघू, पेवात कंदील का विझतो?"

वर्ग शांत झाला. एकतीस अंगठे पहिल्या पेरावर गेले, आणि बाई हातातला खडू तसाच धरून थांबून राहिल्या.